इक्राला बाकावर का बसवलं

कोच रिदाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी सलग तिसऱ्या शनिवारी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होतो. माझी मुलगी इक्रा कॉलेजच्या टीमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारी आणि खेळ मांडून देणारी. जानेवारीपर्यंत पहिल्या पाचात तिचं नाव ठरलेलं असायचं. आज सेमीफायनल होती, हाफटाइमला आम्ही अकरा पॉइंटनं मागे होतो आणि इक्रा मांडीवर टॉवेल घेऊन बाकावर बसलेली. तीही आमच्याकडे पाठ करून. तिला तसं बसवण्यातही त्या बाईचाच काहीतरी डाव असणार, याची मला खात्री होती.

मी दोह्यात बावीस वर्षं एसीच्या सुट्या भागांचं गोडाऊन सांभाळतोय. कुठला माल हाताशी ठेवायचा आणि कुठला मागच्या फळीवर, हे मला आमच्या रत्नागिरीहून येऊन कुणी शिकवलं नाही. चांगला माल असा मागे टाकणाऱ्याला मी एक दिवस कामावर ठेवला नसता.

आमच्या रांगेत नेहमीची माणसं होती. माझी बायको सुमैया, तिचे मामा अबूबकर आणि आमच्याच अल सद्दच्या बिल्डिंगमध्ये राहणारा यशोधन. यशोधन लुसैलला आयटीत आहे, कॉलेजात स्वतः खेळलेला आहे आणि प्रत्येक मॅचचे आकडे फोनवर टिपून ठेवतो. हाफटाइमला कडक चहाचे कप हातात घेऊन आमची जुंपली. मामांचं म्हणणं, आपली ती नवीन सहा फुटी पोरगी बास्केटखालून हलूच द्यायची नाही. यशोधन म्हणाला, कोचनं लावलेला बचाव बरोबर आहे, समोरच्यांना लांबून बास्केट करता येत नाही. पुढच्या वर्षी तिघी सीनियर कॉलेज सोडणार, टीम इक्राभोवतीच उभी करावी लागेल; मग तिला उगाच कोण बसवेल? काहीतरी कारण असणार.

कारण एकच, मी म्हणालो. खुन्नस.

खुन्नस कशाची, तेही मला माहीत होतं. जानेवारीत मला एक युक्ती सुचली होती. समोरच्या टीममध्ये भारतातल्या पोरी असतात, त्यांना हिंदी कळते. मराठी मात्र अख्ख्या हॉलमध्ये आमच्या रांगेशिवाय कुणाला कळत नाही. मग मी वरून मराठीत सांगायला लागलो. डावीकडे घे. पास नको, तूच टाक. इक्रा घरी आमच्याशी इंग्लिशमध्येच बोलते, पण मराठी तिला अक्षर न् अक्षर कळतं. पहिल्याच दिवशी तिनं अठरा पॉइंट केले. मी ते अर्ध्या अल सद्दला सांगितलं. आणि पुढच्या महिन्यात बाईसाहेबांनी पोरीला बाकावर टाकलं. बापाचं डोकं आपल्यापेक्षा जास्त चालतं, हे कुठल्या कोचला सहन होईल?

म्हणून मी तिथंच, चहा संपायच्या आत, यशोधनला माझ्या फोनवर पत्र लिहायला लावलं. कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसला. पुढच्या सीझनआधी हा कोच बदला, सगळ्या पालकांची मागणी आहे. यशोधन टाइप करता करता थांबला. आधी इक्राला विचारू या का, म्हणाला. तिला काय विचारायचं, मी फोन ओढून घेतला आणि पत्र पाठवून दिलं. तेवढ्यानंही राग उतरला नाही.

तिसरा क्वार्टर संपला तेव्हा आम्ही सहा पॉइंटनं मागे होतो. मला राहवेना. मी उभा राहून ओरडलो, इक्रा, ऊठ, तिला सांग मला उतरव म्हणून.

इक्रा उठली. पण कोचकडे गेलीच नाही. ती सरळ आमच्या गॅलरीच्या कठड्याखाली येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात, तिच्या टीमला कळू नये म्हणून मराठीत बोलली.

"अब्बा, कोचनं नाय बसवलं मला. मीच सांगितलं तिला."

"का?"

"ती सांगते उजवीकडं, तुमी सांगता डावीकडं. बॉल हातात आला की माझी मान तुमच्याकडं वळते. म्हणून पाठ करून बसते. तुमी इथं असाल तोवर मी नाय उतरणार."

ती जाऊन परत तशीच बसली. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. माझ्या पोरीनं, माझ्या माणसांसमोर. अठरा पॉइंट काय आकाशातून पडले होते का, मी यशोधनला विचारलं.

"सात वेळा बॉलही घालवला होता त्या दिवशी, काका," तो म्हणाला. "आणि ती मॅच आपण हरलो होतो."

हरलो होतो. मला खरंच आठवत नव्हतं.

तरी मी जागचा हललो नाही. सात मिनिटं हललो नाही. मुलगी बापाला हॉलबाहेर काढणार? अंतर आठवर गेलं. इक्राची पाठ तशीच. मग सुमैयानं माझ्याकडे न बघता पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन अजून होतं. स्पोर्ट्स ऑफिसचं उत्तर येऊन पडलं होतं: तक्रार मिळाली, सोमवारच्या बैठकीत ठेवतो. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये लिहिलं की कोचची चूक नाही, चूक माझी आहे, पत्र रद्द करा. तेवढ्या चार ओळींना मला दहा मिनिटं लागली. आत दोनदा मोठा गलका झाला. कुणाचा, ते बाहेरून कळेना.

सुमैया एकटीच बाहेर आली.

"हरलो," ती म्हणाली. "एका पॉइंटनं. दार बंद झाल्याचा आवाज आला नि ती उठली. तीन मिनिटांत नऊ पॉइंट केले."

तीन मिनिटांत नऊ. माझं तोंड आपसूक उघडलं. पाच मिनिटं आधी उतरवली असती तर जिंकलो असतो, कसला हा... पुढचे शब्द मी गिळले. सुमैया थांबली होती, मी वाक्य पुरं करतो का ते बघत.

"एकदासुद्धा वर बघितलं नाय तिनं," ती म्हणाली आणि किल्लीसाठी हात पुढे केला.