सूज आली की या

सुनेचा गाल फुगून डोळ्याला भिडला होता, आणि सासूबाईंना काळजी कसली, तर चारचौघांत दिसेल कसं! दोघी एकाच लॉन्ड्रीत इस्त्रीला. सुरकुती राहिलेलं कापड सासूबाईंच्या हातून कधी गेलं नव्हतं, मग सून तशी कशी जाईल? दाढ दाखवायला सरकारी दवाखान्यात जायचं म्हणून सकाळपासून त्यांनी तिच्या गालावर बर्फाचा फडका धरला, तापाची गोळी दिली, घट्ट वेणी घातली.

"गरीब आहोत, गबाळे नाही," त्या म्हणाल्या.

दवाखान्याच्या खिडकीशी पोचेपर्यंत गाल बराच उतरला होता. आतल्या कारकूनबाईने विम्याचं कार्ड पाहिलं, सुनेच्या कपाळाला यंत्र लावलं.

"ताप नाही, सूजही फारशी नाही. मोठ्या माणसांचे दात योजनेत बसत नाहीत, आजी. तातडीचं असेल तरच. सूज आली की या."

"आजी म्हणायला तू माझ्या कुठल्या लेकीची लेक? सूज होती. मीच उतरवली."

"मी दिसेल तेच लिहिते."

खाजगी डॉक्टरची पायरी चढायची ऐपत नव्हती. सासूबाईंनी फडका पिशवीत कोंबला आणि सुनेला समोरच्या बाकावर बसवलं.

"आता इथंच बसायचं. येऊ दे सूज."

थोड्या वेळात गोळीचा असर ओसरला. सून बाकाची कड धरून पुढेमागे झुलू लागली.

"आई, एक गोळी द्या ना."

"नाही."

"जीव चाललाय हो."

"गोळीने परत उतरेल, आणि ही बया परत घरी धाडेल. दम धर."

शेजारी बसलेली बाई कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखी म्हणाली, "लेक असती तर दिली असती."

सासूबाईंचे कान तापले. एरवी तिच्या सात पिढ्यांची हजेरी घेतली असती. आज नजर सुनेच्या गालावरून हलवली नाही. सुनेचं वाईट चिंतणाऱ्या सासवा गल्लोगल्ली असतात. पण भरल्या दवाखान्यात बसून सुनेच्या तोंडाला सूज मागायची पाळी त्यांच्यावरच आली होती.

सूज आली. पण गालावर थांबली नाही, जबड्याखाली उतरून गळ्याकडे सरकली. सून काहीतरी म्हणाली. आवाज रांजणातून आल्यासारखा. सासूबाईंनी तोंडाला पाणी लावलं, तर ते ओठांच्या कडेने तसंच बाहेर आलं. गिळताच येईना.

सुनेच्या काखेत हात घालून, रांग मोडून त्या थेट खिडकीवर धडकल्या.

"ही बघ. दिसते का आता?"

कारकूनबाई खुर्ची मागे सारत उठली आणि आत पळाली. दातांचा डॉक्टर धावत बाहेर आला. सुनेचं तोंड बोटभरही उघडेना.

"आत घ्या, लगेच. श्वास अडकायच्या आधी पू काढायला हवा." मग तो सासूबाईंकडे वळला. "इतका वेळ बसवून ठेवलं कुणी हिला?"

बाकावरच्या बाईने मान वर केली. सगळ्या खोलीचे डोळे सासूबाईंवर.

"मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या खिडकीने सांगितलं, सूज आली की या. आणली."

सुनेला आत नेलं, दार लागलं. बऱ्याच वेळाने परिचारिका बाहेर आली, श्वास मोकळा झालाय म्हणाली. दाढ गेली होती.

सासूबाई भिंतीला हात लावत खाली बसल्या. कपडे चुरगळले, पण त्यांनी झटकले नाहीत.