कमरेतली माया

मावशीला प्रदर्शनाला नेलं ते तिचा वेळ बरा जावा म्हणून. पस्तीस वर्षं तिने एका शिवणाच्या दुकानात बायकांचे कपडे सैल-घट्ट करण्यात काढली होती. जुन्या काळचे बायकांचे पोशाख मांडलेत म्हटल्यावर लगेच तयार झाली.

पहिल्या दालनात तिने एकेका पुतळ्याला नावं ठेवली. "ही बाही बघ. बाईने हात वर करायचाच नाही, असं ठरवूनच बेतलीय." दुसऱ्या दालनात मात्र एका हिरव्या रेशमी झग्यापुढे ती थांबली ती हलेचना. त्याच्या काचेच्या पेटीवर पाटी होती: जुन्या नटीचा रंगमंचावरचा पोशाख. कमरेत वारंवार फेरफार, कारण अज्ञात.

"हे टाके माझे आहेत," मावशी म्हणाली.

ती काचेला नाक लावून उभी, म्हणून रखवालदार आला. त्याने तिचं म्हणणं ऐकलं आणि कपड्यांची जपणूक करणाऱ्या बाईंना आतून बोलावून आणलं.

"कशावरून म्हणता, आजी?"

"डाव्या शिवणीत आतून पिवळा दोरा आहे. त्या दिवशी हिरवा संपला होता."

बाई म्हणाल्या, "आहे. पण तो बाहेरून दिसतच नाही. मग इतक्यांदा का उसवला हो?"

मावशीने उलट विचारलं, "तुम्हाला दिला कुणी?"

"त्यांच्या मुलीने. आई गेल्यावर कपाटात सापडला म्हणाली."

"मुलगी. वय काय असेल तिचं?"

"पन्नाशी ओलांडलीय."

मावशी बाकावर बसली. मी पाणी दिलं. बाईंना ती एवढंच म्हणाली, "कारण मी त्या मुलीला सांगेन. आधी विचारा, तिला ऐकायचंय का."

घरी येताना मला कळलं. नटीचं लग्न झालेलं नव्हतं, दिवस राहिले होते आणि नाटक जोरात चाललं होतं. दर आठवड्याला ती दुकानाच्या मागच्या दाराने यायची. मावशी शिवणीत सोडलेली माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, बोटबोटभर उसवून कंबर वाढवायची. माया संपल्यावर तिने दोन्ही बाजूंना वेगळ्या कापडाच्या कळ्या जोडल्या. शेवटचा प्रयोग झाला आणि नटी गाव सोडून गेली.

"बाळाचं काय झालं, कळलंच नाही गं. विचारणार कुणाला?"

पुढच्या रविवारी ती मुलगी मावशीकडे आली. केस पिकलेले, शाळेत गणित शिकवणारी. खुर्चीच्या कडेवर टेकून बसली.

"माझ्या जन्माचं आईने कधी लपवलं नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवसांबद्दल बोलायची नाही. घाबरली होती का हो?"

मावशीने गोड करून सांगितलं नाही. "घाबरली होती. एकदा कापडाच्या ढिगात बसून खूप रडली. पण मी टाचण्या लावायला लागले की माझा हात धरायची. म्हणायची, जपून, तिला टोचेल. 'तिला'च म्हणायची. मुलगीच होणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं."

मुलीने तोंडावर हात ठेवला. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "अजून सांगा. काय काय बोलायची?"

मावशीने मला स्वयंपाकघरात पिटाळलं. "जरा जास्त भात टाक," म्हणाली, "ही जेवूनच जाईल."