दीड किलो

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आपली सॅक एका हाताने उचलली आणि तशीच खाली ठेवली. पुन्हा उचलली. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर छत्तीस वर्षं काढलेली बाई ती. तिथला काटा वर्षातून दोनदा बिघडायचा, तिचा हात कधी बिघडला नाही.

"दीड किलोने हलकी आहे," ती म्हणाली.

भाची तंबूची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन दिवस खातोय ना आपण, आत्या."

"खाल्लेलं मी धरलंय. त्याच्यावर दीड किलो. त्याला काय पाय फुटले?"

भाचीने स्वतःची सॅक उघडली. आत्याचा रेनकोट, गॅसचा डबा आणि तंबूच्या खुंट्या एकेक करून बाहेर आल्या. "पहिल्या मुक्कामावर घेतलं. तू ओढ्यावर तोंड धुवायला गेली होतीस तेव्हा. काल तो सुट्या दगडांच्या घसाऱ्याचा उभा चढ होता, आणि तुझे गुडघे..."

काल सकाळी भाचीने सॅक आपणहून तिच्या पाठीवर चढवली होती, आणि पोर किती मायाळू म्हणून आत्या मनातून सुखावलीही होती. पाठीला वजन कळत नाही, ते हाताला कळतं. एवढी साधी गोष्ट आपण विसरलो, याचा तिला भाचीपेक्षाही जास्त राग आला.

कारण पणाला तिचं घर लागलं होतं. जिन्यावरून एकदा पाय काय घसरला, मुलगा हात धुऊन मागे लागला. एकटी राहू नकोस, घराला कुलूप लाव, आमच्याकडे ये. तिच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून ठेवली त्याने, तीही न विचारता, फिक्या गुलाबी रंगात! आत्याने जन्मात कधी गुलाबी रुमाल वापरला नव्हता. शेवटी वैतागून तो बोलून गेला, "स्वतःचं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन एखादी बर्फातली खिंड ओलांडून दाखव, मग मी ब्र काढणार नाही." आत्याने तो शब्द तिथल्या तिथे पकडला. भाचीला डोंगरांची सवय होती, म्हणून ती सोबतीला आणि साक्षीलाही आली.

"इथे कोण बघतंय, आत्या? दादाने विचारलं तर मी हो म्हणेन."

"म्हणजे खोटं बोलशील. आणि मी उरलेला जन्म माझ्या घरात तुझ्या खोट्याच्या आधाराने काढायचा? त्यापेक्षा ती गुलाबी खोली परवडली." आत्याने खुंट्या, डबा, रेनकोट आपल्या सॅकमध्ये कोंबले, हाताने वजन घेतलं आणि पाठीवर टाकलं. मग खिंडीकडे पाठ करून ती चालू लागली.

"अगं, तिकडे कुठे?"

"पहिल्या मुक्कामावर. कालचा चढ माझा झालेला नाही."

भाचीने डोक्याला हात लावला. रडवेली झाली, मग चिडली, शेवटी मुकाट मागून चालू लागली. उतरण्यात एक दिवस गेला. खाणं पुरवायचं म्हणून बिस्किटं मोडून अर्धी अर्धी खाल्ली. दोघींत जेवढ्यास तेवढं बोलणं.

चौथ्या दिवशी तोच घसारा. दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. अर्ध्यावर उजवा गुडघा असा ठणकला की आत्या दगडाला टेकून उभी राहिली. भाची दोन हातांवर होती. नुसतं हं म्हटलं असतं तर तिने अख्खी सॅक घेतली असती. आत्याला हं म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून. मग तिला तो रंग आठवला. "गुलाबी म्हणे!" ती दातओठ खात म्हणाली आणि पाय उचलला.

पाचव्या दिवशी दुपारी दोघी खिंडीत पोहोचल्या. दोन्हीकडे बर्फ, वारा कान उपटून नेईल असा. आत्याने सॅक खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिली. तेवढ्यात भाचीच्या फोनला रेंज मिळाली आणि फोन वाजलाच. मुलाचा आवाज आत्याला तीन हातांवरून ऐकू येत होता.

"कुठे आहात? परवाच खिंडीत पोहोचायला हव्या होतात! मला माहीतच होतं. जमलं नाही ना तिला? खरं सांग, तिचं ओझं तूच वाहिलंस ना?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्या मदतीला येणार नव्हती. ती लांबच्या उतारावर नजर लावून उभी होती, फक्त पट्ट्यावरची तिची मूठ घट्ट झाली होती.

"हो दादा, एक दिवस वाहिलं मी," भाची म्हणाली. "तिला न विचारता, चोरून. म्हणून ती परत खाली गेली आणि तोच चढ सगळं ओझं घेऊन पुन्हा चढली. उशीर त्यामुळे झाला."

मग तो हळूच म्हणाला, "पुन्हा चढली?"

आत्याने फोन हातात घेतला. "त्या खोलीत तुझी पुस्तकं ठेव," ती म्हणाली. "आणि रंग बदल."