ईश्वरीची झोळी

मी एक झोळी बोलतेय. जन्माची झोळी मात्र मी नव्हे. आधी मी महानंदाबाईंचं लुगडं होते. धुऊन धुऊन मऊ झाले, पदराला विभूतीचा वास कायमचा बसला, आणि मग झरी गावातल्या त्यांच्या घरात नात जन्मली. महानंदाबाईंनी माझी दोन्ही टोकं दोरीनं आढ्याच्या कडीला बांधली. "आज्जीच्या लुगड्यात लेकरू लय निवांत झोपतं," त्या म्हणाल्या.

बारसं झालं. नाव ठेवलं ईश्वरी. घरच्या लिंगायत रीतीप्रमाणे तिचं इवलंसं इष्टलिंग कापडात गुंडाळून माझ्या दोरीला बांधलं. लेकरू मोठं झालं की ते गळ्यात घालायचं.

ईश्वरीची आई वैजयंती. परभणीच्या कॉलेजात शिकलेली, पण भारी भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. पोटुशी असतानाच तिनं कुठंतरी वाचलं होतं, की मोबाईलच्या किरणांनी लहान लेकरांच्या मेंदूला इजा होते. तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा महांतेश दुकानातून आला आणि लेकीला घ्यायला वाकला, की ती ओरडायची, "आधी तो खिशातला फोन ठेवा बरं तिकडं!"

पण लेकरू रडायचं, आणि घरातलं काम काही रडण्यापायी थांबत नाही. फोनवर गाणं लागलं की मात्र ईश्वरी गप्प व्हायची. मग वैजयंतीनं तोड काढली. सासूकडून जाड कापडाची पिशवी शिवून घेतली, फोन दिसेल एवढी तिला खिडकी ठेवली, आणि ती वर माझ्या दोरीला टांगली. लेकरापासून लांब.

"किरणं पोचणार न्हाईत ना गं?" महानंदाबाईंनी विचारलं.

"तिचा हात पोचत न्हाई तिथवर, किरणं कशी पोचतील आई?"

तरी म्हातारीनं पिशवीत चिमूटभर विभूती टाकलीच. "असू दे. किरणं काय अन् दृष्ट काय."

महांतेश हसला. "फोनला बी दीक्षा दिली म्हणा की!"

त्या दिवसापासून एका दोरीला लिंग आणि दुसरीला फोन. घर शांत झालं. मला त्या शांततेची भीती वाटायची. आधी मला झोका देणारी बाई काहीबाही बोलायची. "कुणाची गं तू? बापाची का मायची?" असं विचारलं की आतून पाय आपटून उत्तर यायचं. आता वैजयंती झोक्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून लांब भाजी निवडत बसायची. बोलायचा तो फोन.

"अगं, बोल की लेकरासंगं," महानंदाबाई म्हणायच्या.

"त्यात किती शुद्ध बोलतात आई. माझ्यापेक्षा चांगलं शिकंल ती."

ईश्वरी दोन वर्षांची झाली. तिच्या बरोबरीची शेजारची सविता "माय, पानी दे" म्हणायला लागली. ईश्वरी हाक मारली तरी वळेना. ऐकूच येत नसेल, म्हणून तिला परभणीला नेलं. कान तर चांगले निघाले.

त्या दिवशी परत आल्यावर वैजयंती माझ्याजवळ जमिनीवरच बसली. "मी डॉक्टरांना किरणांचंच विचारलं आई. ते म्हणाले, त्याचं अजून कुणी ठाम सांगू शकत न्हाई. उशिरा बोलायची कारणं बी लय असतात म्हणाले. पण मग त्यांनी मलाच विचारलं..." तिनं वर टांगलेल्या पिशवीकडं बघितलं. "दिवसभर लेकराशी बोलतं कोण, म्हणून."

महानंदाबाई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पिशवी त्याच संध्याकाळी उतरली.

आता वैजयंती रोज ईश्वरीला माझ्यात घालते. लेकरू वाढलंय, गुडघे दुमडून कसंबसं मावतं. वैजयंती गाते. तिला गाता येत नाही, मधेच आवाज चिरकतो. "ईशू, मायकडं बघ ना गं." ईशू वर बघते, पिशवी होती तिथं. तिथं आता रिकामी गाठ आहे.

आज गाता गाता वैजयंती थांबली. "काय उपेग," म्हणाली. लेकराला उचलून सासूच्या मांडीवर दिलं आणि माझी दोरी सोडायला हात घातला.

बाई, तुला दिसलं नाही ते मला कळलंय. तू गात होतीस तेव्हा आत, माझ्या कापडाला टेकलेली तिच्या पायाची बोटं हलत होती. ठेक्यात नव्हती, वेडीवाकडी होती, पण हलत होती. तू थांबलीस आणि तीही थांबली.

मी मधोमध विरलेय. फार दिवस हा भार पेलणार नाही. उद्या माझी फडकी केलीस तरी माझी तक्रार नाही. पण आज ही गाठ सोडू नको. तिला परत माझ्यात ठेव, आणि तुझ्या त्या चिरक्या आवाजात आणखी एकदा गा.