काळ्या मुठीची झीज

ऑस्कार ब्रेखब्यूलची आणि माझी मैत्री झिजेवरून जमली. मी लांगनाउमध्ये एकतीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला, आणि तो सरकारी मोजणी खात्यात होता. खाणावळीत गुरुवारी पत्ते खेळताना मी एकदा सहज बोलून गेलो की, दाढेची झीज बघून मला माणसाचं वय दोन-चार वर्षांच्या फरकाने सांगता येतं. त्याने पानं पालथी ठेवली आणि म्हणाला, "मग डॉक्टर, तू माझ्याकडे यायलाच हवं. तिथे कुणी तोंड उघडून ओरडत नाही."

त्याच्याकडे जुन्या स्विस रिव्हॉल्वरांचा संग्रह होता. फौजेची होती, पोलिसांची होती, आणि हौशी लोकांनी पदरच्या पैशांनी घेतलेली, निकेलचा मुलामा दिलेली नाजूक रिव्हॉल्वरंही होती. एकूण तेवीस. त्यांतून त्याने कधी गोळी झाडली नाही. त्याचा सगळा जीव त्यांचं साल ठरवण्यात होता. नळीखालचा क्रमांक, तपासनिसाचा इवलासा शिक्का, फौजेतून सुटताना ज्याला हत्यार घरी न्यायची परवानगी मिळाली त्याच्या हत्यारावर ठोकलेलं 'पी' हे अक्षर, या सगळ्यांची तो सांगड घालायचा आणि शेवटी मूठ बघायचा. तो म्हणायचा की आकडे कारखान्याचे असतात, मूठ मात्र माणसाची असते. त्याची बायको एल्सबेट तेवढ्यात कॉफी आणून ठेवायची आणि दार ओढून घेऊन जायची. इतक्या वर्षांत तिला त्या खोलीत बसलेली मी पाहिली नाही, आणि ऑस्कारने तिला बस म्हटलेलंही ऐकलं नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याने ट्रूबच्या खोऱ्यातल्या एका घराच्या लिलावात १८८२च्या नमुन्याचं एक रिव्हॉल्वर घेतलं. त्याने क्रमांकावरून साल काढलं १८८९, आणि शिक्क्यानेही तेच सांगितलं. ते ज्या लेफ्टनंटला मिळालं होतं, त्याचं नाव त्याने जुन्या कागदांतून शोधलं. बिचाऱ्याने आयुष्यभर चीज विकलं आणि म्हातारा होऊन अंथरुणात मेला. काळ्या कडक रबराची मूठ इतकी कोरी होती की तिच्यावरच्या बारीक चौकटींची टोकं बोटाला टोचत. ऑस्कारने तिच्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा काढला, न झिजलेल्या चौकटी मोजल्या आणि वहीत आकडा लिहिला: चारशे बारा.

एप्रिलमध्ये तो मला बोलवायला स्वतः आला. घरी नेऊन त्याने काही न सांगता दोन ठसे माझ्यासमोर ठेवले आणि मोज म्हणाला. दुसऱ्यात तीनशे शहाऐंशी भरल्या. मी हसून म्हणालो की पेन्सिल बोथट झाली असेल. तो हसला नाही. रिव्हॉल्वरांच्या कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली त्याच्या घड्याळाच्या साखळीत असते, हे मला ठाऊक होतं. त्याने मूठ खिडकीपाशी नेली आणि मला दाखवली. अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीखाली चौकटी सपाट होऊन त्यांच्यावर मऊ तकाकी आली होती. अशी तकाकी माझ्या ओळखीची होती. घासून किंवा पॉलिश करून ती येत नाही. रोज थोडं, वर्षानुवर्षं, जिवंत काही टेकलं तरच येते.

उन्हाळाभर तो आकडा उतरत राहिला. त्याने कपाटाच्या दाराला केस चिकटवून पाहिला, फळीवर टाल्कम पावडर भुरभुरली. केस जागच्या जागी राहिला आणि पावडरीवर ठसा उमटला नाही. झीज मात्र चालूच होती, आणि तिच्यात हळूहळू एका हाताचा आकार दिसू लागला. तो हात ऑस्कारच्या हातापेक्षा लहान होता. तो आकार ओळखू आल्यापासून त्याच्या बोलण्यात काहीतरी आक्रसलं. जेवताना तो बायकोच्या हातांकडे बघत बसायचा, आणि सप्टेंबरात एके दिवशी सूप पुढ्यात असताना त्याने तिला विचारलं की तू रोज ते हातात घेऊन काय करतेस. तिने सांगितलं की तिने त्याला बोटही लावलेलं नाही. तो तिला खोटारडी म्हणाला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. एल्सबेटने भांडी घासली, पुसून जागेवर ठेवली आणि दुपारच्या गाडीने ती मुर्टेनला बहिणीकडे निघून गेली.

ती गेल्यावरही झीज थांबली नाही.

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी सकाळी ऑस्कार ते रिव्हॉल्वर फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. दाढीचे खुंट वाढले होते. "आठवडाभर मी त्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो होतो," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत झिजतंय ते. तुझ्याकडे ठेव. आणि तिला जाऊन सांग, माझं चुकलं. मी गेलो तर ती दार उघडणार नाही."

मी ते माझ्या जुन्या अवजारांच्या कपाटात ठेवलं आणि मंगळवारी मुर्टेनला गेलो. तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की काठच्या होड्याही दिसत नव्हत्या. बहिणीने आत घेतलं आणि आम्हाला बोलता यावं म्हणून पिशवी घेऊन बाजारात गेली. एल्सबेट वाळली होती, पण शांत होती. मी ऑस्कारचा निरोप सांगितला. तिने तो लांबच्या नातेवाइकाची खुशाली ऐकावी तसा ऐकला, चुलीवरून किटली उतरवली आणि माझा पेला भरला. किटलीचा दांडा धातूचा होता. तिने तो उघड्या हाताने धरला होता.

मी तिचा हात धरून उलटा केला. तळव्यावर एकही रेघ नव्हती. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत कातडी गुळगुळीत होती आणि तिच्यावर ती मऊ तकाकी होती.

"दुखत नाही," ती म्हणाली. मग, मी काही विचारायच्या आधीच, ती खिडकीकडे बघत सांगू लागली. मार्चपासून रोज दुपारी अडीचला, भांडी आवरून ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली की, कोणीतरी तिचा हात हातात घ्यायचं. हात गार असायचा, कोरडा असायचा. तो ओढायचा नाही, दाबायचा नाही. अर्धा तास नुसता धरून ठेवायचा आणि सोडून द्यायचा.

"पहिल्या दिवशी मला वाटलं, ऑस्कारच मागून आलाय," ती म्हणाली. "किती वर्षांनी, असंही वाटलं. वळून बघितलं तर त्याच्या खोलीचं दार बंद होतं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण मी हात सोडवून घेतला नाही."

मग तिने हात मांडीवर परत घेतला.

"इथेही येत होतं. शुक्रवारपासून येत नाही." तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही त्याला कुठे ठेवलंत?"

रिव्हॉल्वर माझ्याकडे असल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. ऑस्कारने सांगायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणालो की ते ऑस्कारने विकून टाकलं, बर्नच्या कुणा माणसाला, नाव मला माहीत नाही. तिने मान हलवली. मी निघताना ती माझ्याशी हस्तांदोलन करायला पुढे आली, आणि तिचा हात माझ्या हातात असताना मला काच धरल्यासारखं वाटलं.

नाताळच्या आधी ती लांगनाउला परतली. ऑस्कार आता तिला स्वयंपाकघरात मदत करतो, जेवणानंतर तिच्याजवळ बसतो, कधी कधी तिचा हातही हातात घेतो. ती घेऊ देते. मी गेलो की ती कॉफी देते, आणि ऑस्कारची पाठ वळली की माझ्याकडे बघत राहते. तिला काय विचारायचंय ते मला कळतं. ऑस्कारने रिव्हॉल्वर परत मागितलेलं नाही, आणि मीही विषय काढत नाही.

मी दर रविवारी ठसा घेतो. दोनशे एक्क्याण्णव. ते आणलं तेव्हा होत्या तेवढ्याच. ते नदीत टाकून द्यावं, पोलिसांकडे जमा करावं, असं मी स्वतःला कितीदा तरी बजावलं आहे. माझी बायको जाऊन चौदा वर्षं झाली. या घरात दुपारी घड्याळाखेरीज कशाचाच आवाज नसतो.

आज जेवण झाल्यावर मी ते कपाटातून काढून समोर ठेवलं, टेबल पुसलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि उजवा हात उताणा करून टेबलावर ठेवला. अडीचला अजून दहा मिनिटं होती.