कडी असलेली एकच जागा

ग्वायाकिल शहरात तेव्हा साथीमुळे घराबाहेर पडायला बंदी होती. माझा पाचवीचा वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फोनमध्ये भरायचा. सकाळी संत नार्सिसाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, जपमाळ पुरी करायची आणि मग मुलांना बोलवायचं. आई आजारातून उठली तेव्हापासून माझं आणखी एक व्रत आहे. खोटं बोलायचं नाही, लिहायचंही नाही.

त्या आठवड्यात शाळेचा हुकूम आला. कॅमेरा बंद असेल तो गैरहजर. पाच गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. यादिराच्या चार झाल्या होत्या. तिचा आवाज रोज यायचा, उत्तरं बरोबर असायची, पण चौकोन काळा तो काळाच.

"मिस, भूत आलंय का आज?" योफ्रेने विचारलं.

"आलंय. आणि भागाकार तुझ्यापेक्षा बरा करतंय," यादिरा म्हणाली.

मुलं हसली. मी हजेरीची वही उघडून बसले होते. "बाळ, एकदाच उघड ना गं कॅमेरा. नुसतं कपाळ दाखव."

तेवढ्यात तिच्याकडे धाडधाड दार वाजलं आणि कुणी पुरुष ओरडला, "अगं, किती वेळ? आम्ही काय खिडकीतून जायचं?"

"मिस," ती अगदी हळू बोलली, "मी संडासात बसलेय. घरात नऊ माणसं आहेत. कडी इथेच आहे. दाखवू का?"

कुणी हसलं नाही.

"मी कपाटात बसतो," योफ्रे म्हणाला. "याला तर कडीपण नाही."

हजर लिहावं तर नियमाने ते खोटं. गैरहजर लिहावं तर पोरगी गेली. मी नार्सिसाकडे पाहिलं. मग आठवलं, पूर आला की आम्ही काय करायचो ते. वर्गात एकही मूल आलं नाही तर तो दिवस धरत नाहीत. शनिवारी भरून काढतात.

"सगळ्यांनी कॅमेरे बंद करा रे," मी म्हटलं, आणि माझाही बंद केला. "मी नाव घेईन. जवळ असेल ते वाजवा."

कुणी झाकण वाजवलं, कुणी बादली. योफ्रेने कपाटावर बुक्के मारले. यादिराने नळ सोडला. एकतीस नावं झाली. मी एकतीस गैरहजर लिहिले.

दुपारी मुख्याध्यापिका औरिस्तेलाबाईंचा फोन आला. "आलोदिया, हे काय? शिकवलंस कुणाला?"

"एकतीस मुलांना, बाई. पण हुकमाप्रमाणे हजर कुणी नव्हतं. शनिवारी भरून काढीन."

"आणि शनिवारी?"

"शनिवारीही कॅमेरे बंदच असतील."

"असं कुठवर चालवणार?"

"त्या घरात दुसरं दार होईपर्यंत."

पलीकडे त्यांच्याही घरात कुणीतरी दार ठोकत होतं.

"आले, आले," त्या तिकडे ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "शनिवारचा दिवस लिहून ठेवते. पुढच्या आठवड्याचं मला काही विचारू नकोस."