पिसारेरावांचे हक्क

मावशी गेली आणि मृत्युपत्रातून भाचीच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक लिहायचं टेबल, आणि दुसरे 'नऊ नद्यांचं राज्य' या नऊ भागांच्या अद्भुत कादंबरीचे सगळे हक्क. टेबल दारातून आत जाईना म्हणून सुताराकडून त्याचे पाय काढून घेतले. हक्कांचं काय करायचं हे मात्र सुताराला विचारून भागणार नव्हतं.

भाचीचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं. सगळी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची, आणि तीही फोन उचलला की तेच सांगायची. नंबर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक दाराची पायरी कशी चढतं एवढं बघून ती त्याच्या नंबराचा अंदाज बांधायची. पण मावशीच्या पुस्तकांच्या बाबतीत तिची एक भानगड होती. तिने ती वाचलेलीच नव्हती. बाराव्या वर्षी पहिल्या भागाची चाळीस पानं झाली, तिथे एक नदी झाडावर चढली, आणि तिने पुस्तक मिटलं ते मिटलंच. पुढे प्रत्येक नवा भाग आला की ती मावशीला "मस्त जमलाय" म्हणायची. मावशी "हो ना?" म्हणायची आणि विषय बदलायची.

चष्मेवालीच्या आईला बहिणीचं कौतुक होतं, पण ते तिरकं. "बसल्या जागी राज्यं उभी करायची," ती सांगायची, "आणि स्वयंपाकघरातला नळ सहा वर्षं गळत होता."

मावशीची पुस्तकं वाचून मोठी झालेली मुलं आता कंपन्या चालवायला लागली होती. त्यामुळे वर्ष उलटायच्या आत दोन मागण्या आल्या. एका कंपनीला कादंबरीवर गेम करायचा होता, दुसरीला चित्रपट. मावशीचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी दोघांनाही एकाच दिवशी आपल्या ऑफिसात बोलावलं. वकीलबाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या आणि त्यांनी नऊही भाग तीनदा वाचले होते.

गेमच्या कंपनीकडून पोपटी रंगाचे बूट घातलेला एक उंच तरुण आला. त्याचं नाव चष्मेवालीच्या लक्षात राहिलं नाही, ती त्याला मनात गेमवालाच म्हणू लागली. चित्रपटाची निर्माती पन्नाशीची होती. तिला वाक्य अर्धं सोडून समोरच्याकडे बघायची सवय होती.

"आमचं सगळं पिसारेरावांवर उभं आहे," निर्माती म्हणाली. "पोस्टरवर एकटा मोर. पिसारा फुलवलेला. आणि मध्यंतराच्या आधी त्याचा नाच, असा नाच की..."

पिसारेराव हा कादंबरीतला बोलका मोर आहे, एवढं चष्मेवालीला ठाऊक होतं. तेवढं तर बिस्किटांच्या पुड्यावर मोर बघणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. तिने मान डोलावली. "छान नाचेल तो. मावशीला आवडलं असतं."

वकीलबाईंचं पेन कागदावर थांबलं. गेमवाल्याने आपल्या बुटांकडे बघितलं.

पाहुणे गेल्यावर वकीलबाईंनी दार लावून घेतलं. "तुम्ही पुस्तकं वाचलेली नाहीत."

"चाळलीत."

"पिसारेराव नाचत नाहीत. नऊ भाग सगळं राज्य त्यांच्या मागे लागलंय की नाचा, आणि ते कुणापुढेही नाचत नाहीत. राजाने हुकूम काढला तेव्हा म्हणाले, मी नाचलो तर पाऊस पडेल, आणि मला सर्दीचा त्रास आहे."

चष्मेवालीचे कान तापले. वकीलबाईंनी मात्र विषय ताणला नाही, कारण त्यांच्यापुढे त्याहून मोठं लचांड होतं. चित्रपटवाल्यांनी हक्कांचे सगळे कागद मागितले होते, म्हणून त्या मावशीच्या फायली उपसत होत्या. त्यांत नळाच्या दुरुस्तीच्या बिलाला टाचलेला एक साधा कागद निघाला. मावशीच्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं: 'पिसारेराव हा मोर माझ्या टायपिस्टच्या मालकीचा आहे. मी तो फक्त वापरते. माझ्यामागे त्याला कुठेही न्यायचं झालं तर टायपिस्टला विचारावं.' खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार.

"हे चालतं कायद्याने?" चष्मेवालीने विचारलं.

"दुर्दैवाने अगदी नीट चालतं," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे राज्य तुमचं, नद्या तुमच्या, राक्षस तुमचे. मोर त्यांचा. आणि मोर नसेल तर दोन्ही कंपन्या उठून जातील."

टायपिस्टकाका एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. खोलीत एक पलंग, दोन खुर्च्या आणि खिडकीशी कापड पांघरलेला टाइपरायटर. त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. ती बघितल्यावर चष्मेवालीला पुढचं काही सुचेना.

"काका, तो आधी इकडे द्या बघू," ती म्हणाली आणि पर्समधून छोटा पेचकस काढला.

चष्म्याशिवाय काका खिडकीच्या दिशेने बघत बसले आणि तिच्या प्रश्नाची वाट न बघता बोलू लागले. "बाईंचं अक्षर म्हणजे मुंगीने शाईत पाय बुडवून धाव घेतलेली. पहिल्या भागात त्यांनी लिहिलं होतं, 'राजवाड्यात चोर शिरला.' मला तो मोर दिसला. मी टाइप केलं, 'राजवाड्यात मोर शिरला.' पुढे तो चोर तिजोरी उघडतो, पहारेकऱ्याशी गप्पा मारतो, पकडल्यावर रडतो. ते सगळं मी मोराच्या नावावर टाइप करत गेलो. मला वाटलं, अद्भुत गोष्ट आहे, असेल."

"आणि मावशी?"

"बाईंनी पानं वाचली आणि खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. म्हणाल्या, याला म्हणतात चोरावर मोर. तो ठेवलाच त्यांनी. मी नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी तो कागद करून दिला. मी म्हटलं, बाई, मी मोर कुठे बांधू? त्या म्हणाल्या, बांधू नका, लक्ष ठेवा."

चष्मेवालीने स्क्रू बसवला, दांडी दोनदा उघडमीट करून बघितली आणि चष्मा त्यांच्या हातात दिला. मग सगळं सांगितलं. गेम, चित्रपट, मध्यंतराच्या आधीचा नाच. तिने आपण "छान नाचेल" म्हणालो हेही सांगून टाकलं. का, ते तिलाही कळलं नाही.

काकांनी चष्मा चढवून तिला नीट बघून घेतलं. "म्हणजे तुम्ही वाचलंच नाही."

"नाही."

"बाईंना माहीत होतं. त्या म्हणायच्या, माझी भाची खोटं इतकं वाईट बोलते की दया येते."

चष्मेवाली हसली.

"मी सही करीन," काका म्हणाले. "मला आडवं यायचं नाही. पण आधी तुम्ही नऊ भाग वाचा. उगाच पानं उलटू नका, मी टाइप केलंय, मी विचारीन. मोर माझा असला तरी तो राहतो तुमच्या राज्यात. मालकिणीला गावाचे रस्ते माहीत नकोत का?"

कंपन्यांनी महिन्याची मुदत दिली होती. नऊ भाग मिळून चार हजारांच्या वर पानं होती. चष्मेवाली दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये वाचायची, काच घासायचं यंत्र चालू असताना वाचायची, घरी चहा गार करून वाचायची. झाडावर चढलेली नदी तिने दात-ओठ खाऊन पार केली. दुसऱ्या भागात तिला जांभया आल्या. तिसऱ्या भागात एक मुलगी आली. कुणीही गोष्ट सांगायला लागलं की ती विचारायची, "अजून किती आहे?" या प्रश्नामुळे राज्यातल्या एका म्हाताऱ्या राक्षसाचं भाषण अर्ध्यावर थांबतं, युद्ध टळतं आणि राजा तिला सेनापती करतो.

चष्मेवालीने पुस्तक आईपुढे धरलं. "ही मी आहे?"

आईने दोन ओळी वाचल्या. "तूच. जेवताना मावशी गोष्ट सांगायची तेव्हा तू हेच विचारायचीस. तिला काय राग यायचा."

"राग आलेला दिसत नाही. मला सेनापती केलंय तिने."

त्यानंतर वाचन सोपं झालं. पाचव्या भागात पिसारेरावांनी राजाचं गुपित फोडलं तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच धरून एकटीच खुदकन हसली. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "एवढा वाढलाय का नंबर?"

मुदतीला चार दिवस उरले असताना तिने काकांना फोन केला. आवाजात चीड होती.

"काका, माझी आठव्या भागाची प्रत खराब निघाली. सातवी नदी आटते, सगळे दारापाशी जमतात, पिसारेराव आत जाऊन दार लावून घेतात, आणि पुढची दोन पानं कोरी. ऐन वेळी. तुमच्याकडची प्रत देता?"

पलीकडे काका हसत असल्याचं तिला कळलं.

"सगळ्या प्रती तशाच आहेत. प्रकाशकानेही असाच फोन केला होता. पिसारेराव आत नाचले. नऊ भागांत एकदाच. त्यांना कुणी बघायला नको होतं, म्हणून बाईंनीही बघितलं नाही. कोरी पानं हस्तलिखितातही कोरीच होती. मी ती टाइपरायटरमध्ये घालून वरपासून खालपर्यंत फिरवली, दोन्ही. काम म्हणजे काम."

चष्मेवाली काउंटरमागे स्टुलावर बसली. पुढचं पान तिने वाचलेलं होतं. त्यात दार उघडतं, बाहेर पाऊस पडत असतो आणि पिसारेराव शिंकत बाहेर येऊन म्हणतात, "टॉवेल द्या, आणि कुणी काही विचारू नका."

"उद्या सही करायला येतो," काका म्हणाले. "माझी परीक्षा झाली, नववा सावकाश वाचा. आणि आता मी तुला अगं-तुगं करणार. चालेल ना?"

"चालेल."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या ऑफिसात निर्मातीने नाचाचा प्रसंग पुन्हा काढला. या वेळी चष्मेवालीजवळ नऊ भाग होते आणि त्यांत चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या.

"नाच दाखवायचा नाही," ती म्हणाली. "कॅमेरा दाराबाहेर राहील."

"पण प्रेक्षक त्या नाचाची वाट बघत बसणार. आणि आपण त्यांना एक बंद दार..."

"हो. वाचणाऱ्यांनाही तेच मिळालं. मला काल मिळालं, आणि मी पुस्तक बदलून मागायला निघाले होते."

गेमवाला खुर्चीत पुढे सरकला होता. "आमच्या गेममध्येही तेच करू? खेळणारा सगळ्या नद्या पार करून येतो, आणि दार. दीड मिनिट काही करता येत नाही. बटणं दाबली तरी नाही. आतून फक्त आवाज."

"आवाज कसले?" काकांनी संशयाने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा."

"आधी एक सांगा. तुमच्या गेममध्ये मोराला मारता येतं का?"

"आमच्याकडे तसं सगळ्यांनाच मारता येतं, काका."

"मग सही नाही."

घासाघीस दोन तास चालली. शेवटी ठरलं ते असं: पिसारेरावांवर कुणी तलवार उगारली तर तलवारीने त्यांना काही होणार नाही, पण ते उगारणाऱ्याचा असा पाणउतारा करतील की खेळणारा पुन्हा तसं करणार नाही. त्यासाठी चाळीस टोमणे लागतील, असं गेमवाल्याने सांगितलं. काकांनी ते लिहून द्यायचं कबूल केलं आणि तिसऱ्या दिवशी एकशे बारा पाठवले. त्यातले काही इतके झोंबरे होते की कंपनीने ते वगळायची परवानगी मागितली. वकीलबाईंनी वगळलेले स्वतःसाठी मागून घेतले.

निर्मातीने सर्वांत शेवटी सही केली. "बंद दार," ती पेन ठेवताना म्हणाली, "आणि त्यासाठी मी लोकांना तिकीट..." पण तिने सही केली होती.

गेम पुढच्या वर्षी आला. पहिल्या आठवड्यात शेकडो खेळाडूंनी कंपनीला कळवलं की दार अडकलंय, दुरुस्त करा. मग कुणीतरी कान देऊन ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, आणि तक्रारी थांबल्या. चष्मेवालीच्या आईने तो दुकानातल्या संगणकावर खेळून बघितला. ती दुसऱ्या नदीच्या पुढे गेली नाही. तिथे एक गळका झरा होता आणि तो बंद करायचा मार्ग सापडेना म्हणून तिने गेमवाल्याला दोनदा फोन केला.

चित्रपटाला आणखी दीड वर्ष लागलं. दाराचा प्रसंग होता त्या दिवशी निर्मातीने चष्मेवालीला आणि काकांना चित्रीकरणाला बोलावलं. मोठ्या शेडमध्ये लाकडी राजवाडा उभा होता. राजा, पहारेकरी, तीस दरबारी असे सगळे बंद दारासमोर उभे राहिले आणि दिग्दर्शकाने सगळ्यांना दीड मिनिट स्तब्ध राहायला सांगितलं. सत्तर सेकंदांवर राजाच्या पोटातून गुरगुर ऐकू आली आणि एका दरबाऱ्याला हसू आवरेना. पुन्हा सुरुवात झाली.

तिसऱ्या वेळी दिग्दर्शक वैतागून काकांकडे आला. "मला नटांना काहीतरी सांगायला हवं. आत नेमकं काय चाललंय? कसा नाचतोय तो?"

काकांनी चष्मा नाकावर सारखा केला. "मला काय विचारता? मीही बाहेरच होतो."

दिग्दर्शक परत गेला आणि त्याने नटांना हेच उत्तर सांगितलं. चौथ्या वेळी राजाने दाराला हळूच कान लावला. कुणी हसलं नाही. दीड मिनिट कधी संपलं ते चष्मेवालीला कळलं नाही. मग दिवे बंद झाले, चहा आला, आणि काकांनी तिच्याकडून दोन बिस्किटं जास्तीची मागून घेतली.